भवानी आणि ‘सिफ्ताह’

बँकेच्या परकीय चलन विभागात माझी अनेक वर्षे गेली. परदेशी व्यापारी मला भेटत ते पतपत्रांतून आणि हुंड्यांतून. निवृत्तीनंतर पुतण्याच्या सूतनिर्यातीच्या निमित्ताने त्याच्यासोबत आठ दिवस इस्तंबूलला राहिलो, तेव्हा त्या कागदांमागची माणसे दिसली.

पंधराव्या शतकापासून गजबजलेल्या तेथील झाकलेल्या बाजारात सकाळच्या पहिल्या विक्रीला ‘सिफ्ताह’ म्हणतात. आपली भवानीच ती! पैसे हाती घेताना दुकानदार ‘बेरेकेत वेर्सिन’, म्हणजे बरकत लाभो, असे म्हणतो. दुकान, हिशेब, दफ्तर हे शब्दही थोड्या फरकाने तेथे भेटतात. क्रियापद वाक्याच्या अखेरीस येते आणि प्रत्यय नामाला चिकटतो. ‘एव’ म्हणजे घर, ‘एवदे’ म्हणजे घरात. मराठी माणसाला ही रचना परकी वाटत नाही.

आडनावाचा कायदा तेथे 1934 साली आला. आजही व्यवहारात हाक मारतात ती पहिल्या नावानेच; पुरुषास पुढे ‘बेय’, स्त्रीस ‘हानम’ जोडून, आपल्या ‘राव’ आणि ‘बाईं’सारखे. ‘सेन’ म्हणजे तू, ‘सिझ’ म्हणजे तुम्ही. व्यापारात ‘सिझ’च शोभते. 1928 पासून लिपी रोमन आहे, परंतु तिच्यातील ‘सी’ या अक्षराचा उच्चार ‘ज’ होतो. नाव चुकीचे उच्चारण्यापेक्षा आधी विचारून घेणे बरे. काम करीत असलेल्या कोणालाही ‘कोलाय गेल्सिन’, तुमचे काम सोपे होवो, असे म्हणावे; चेहरा लगेच खुलतो.

आमच्या जुन्या ग्राहकाने दोन पेले चहा होईपर्यंत घरच्यांचीच चौकशी केली. मग नव्वद दिवसांची उधारी मागितली. आजवर तो पतपत्रावर माल घेत असे. पुतण्या त्या जिव्हाळ्याने भारावला होता. मला मात्र ऑक्टोबर 2022 मधील तेथील 85 टक्क्यांवरची महागाई आठवली. हा गृहस्थ आपला माल तेथील रिवाजाप्रमाणे पुढील तारखेच्या, लिरातील धनादेशांवर विकणार. आमचे देणे डॉलरमध्ये. लिरा घसरला तर खोट प्रथम त्याची, त्याला न झेपल्यास आमची.

नकार ई-मेलने कळवू नये, असे मी सुचविले. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. अर्धा माल पतपत्रावर, उरलेला साठ दिवसांच्या उधारीवर, असे पुतण्याने आदराने मांडले. ‘इन्शाल्ला’ एवढेच उत्तर आले. तो होकारही नव्हता आणि नकारही. आम्ही घाई केली नाही. दोन दिवसांनी सह्या झाल्या.

निघताना त्यानेच एक जुनी प्रथा सांगितली. रमजानमध्ये सधन माणूस अनोळखी वस्तीतील दुकानात जातो, उधारीच्या वहीतील परक्यांची बाकी गुपचूप फेडतो आणि ती पाने फाडावयास सांगतो. ऐकून मन भरून आले. पुतण्यास मी इतकेच म्हणालो, “वही नीट लिहिलेली असते, म्हणूनच कोणाला ते पान फाडता येते.”