वीस प्रश्न आणि एक सूट

ऑस्ट्रेलियात नागरिकत्वासाठी परीक्षा आली ती २००७ साली, कायदा दुरुस्त करून. वीस प्रश्न, तेही इंग्रजीतच. पहिल्या पुस्तिकेत ब्रॅडमनसुद्धा होता. आपल्याकडच्या पोरांना तो पाठच! पण युद्धातून जीव वाचवून आलेल्या, शाळा न पाहिलेल्या बाईनं ब्रॅडमनचं करायचं काय?

२००९ ची दुरुस्ती मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. परदेशात सोसलेल्या छळामुळे, आघातामुळे जे परीक्षा देऊच शकत नाहीत, त्यांना तिच्यातून सूट मिळाली. खेळाबिळाचे प्रश्नही गेले. पासाची अट मात्र ६० वरून ७५ टक्क्यांवर नेली. २०१७ मध्ये इंग्रजी आणखी कडक करणारं विधेयक आलं, ते सिनेटमध्ये अडकलं. मग २०२० पासून मूल्यांवरचे पाच प्रश्न. पाचही बरोबर हवेत. मेलबर्नचा माझा मित्र हसून म्हणाला, "अरे, तिथं खोटं उत्तर कोण देणार?" बरोबर आहे. अडतो तो प्रश्नच वाचता न येणारा.

आपल्याकडे अशी लेखी परीक्षा नाही. पण १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात परदेशी अर्जदाराला आठव्या अनुसूचीतल्या एका भाषेचं पुरेसं ज्ञान लागतं. मराठी चालते, बरं का!