एक दिवा उघडेना



या वेळी लोणचं नाही, व्रताचं उद्यापनही नाही. या वेळी गाडीचा दिवा आहे. हसू नका. रबर, झाकण आणि हवा यांचंच हे प्रकरण आहे, म्हणजे आपल्या रोजच्या ओळखीचंच.

आमच्याकडे १९७६ सालची शेवरोले कॉर्व्हेट आहे. ह्यांनी निवृत्त झाल्यावर हौसेने घेतलेली. पुढचे दिवे एरवी मिटलेले असतात. दिव्याचा खटका ओढला की पापण्या उघडाव्यात तसे वर येतात. १९६८ ते १९८२ पर्यंतच्या कॉर्व्हेटमध्ये हे काम मोटर करत नाही. चालू इंजिन हवा आत ओढतं, त्या ओढीने करतं. ही ओढ नळीने एका टाकीत साठते, तिथून रिलेमार्फत प्रत्येक दिव्यामागच्या डब्यात जाते. डब्यात रबराचा पडदा आहे. ज्या बाजूची हवा ओढली जाईल तिकडे पडदा सरकतो, त्याला जोडलेला दांडा हलतो, आणि दिवा उघडतो किंवा मिटतो.

दशलक्षणात बार्टलेटच्या मंदिरातून आरती करून निघालो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. डावा दिवा उघडला, उजवा अर्ध्यावर अडकला. हे खाली उतरले आणि डाव्या हाताने त्याला वर ढकलू लागले. उजव्या हातात मार्चपासून, तो सौम्य झटका आल्यापासून, जोर नाही. गाडी आता मीच चालवते. दुसऱ्या दिवशी मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, विकून टाका." हे नुसतं "हं" म्हणाले. वाद नाही, चिडणं नाही. मला त्या "हं"चीच धास्ती बसली.

म्हणून शनिवारी मी गॅरेजमध्ये ह्यांच्यासाठी खुर्ची मांडली आणि म्हटलं, "अहो, तुम्ही सांगा, मी करते."

पहिली सूचना बोटांची मिळाली. टाकीत ओढ शिल्लक असेल तर इंजिन बंद असूनही दिवा फटकन मिटू शकतो, म्हणून आधी नळी सोडून हवा आत घ्यायची, मगच हात घालायचा. खोबणीत एका कोळ्याने घर केलं होतं. त्याला कागदावर घेऊन बाहेर झाडाखाली सोडून आले, तोवर हे शांत बसून होते.

मग विचार. दोन्ही दिवे सुस्त असते तर दोष मुळाशी शोधायचा: इंजिनाकडून येणारी नळी, हवा उलटी जाऊ न देणारी झडप, टाकी. टाकी धड असेल तर इंजिन बंद केल्यावरही दिवे एकदा तरी उघडतात. आमचा डावा उघडत होता. म्हणजे मुळाशी दोष नाही, उजव्या फांदीत आहे. दिवा हाताने वर-खाली करून पाहिला, कुठे गंज लागून अडकत नव्हता.

साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघू का, असं मी विचारलं. हे कितीतरी दिवसांनी हसले. "अगं, कुकरची वाफ बाहेर येते. इथे हवा आत जाते, बुडबुडा येणार कुठून?" त्याऐवजी इंजिन चालू ठेवून, पंखा आणि पट्ट्यापासून दूर राहून, रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं सांध्यांजवळ धरायचं. उजव्या डब्यापाशी बारीक फुसफुस ऐकू आली.

पण डब्यात गळतं कुठे? त्यासाठी काट्याचा हातपंप. डब्याला दोन तोंडं असतात, एक दांड्याच्या बाजूला आणि एक मागे. मागच्या तोंडाला पंप लावून दुसरं मोकळं ठेवलं आणि पाऱ्याच्या १५ इंचांपर्यंत हवा ओढली. काटा जागेवर राहिला, म्हणजे पडदा शाबूत. पडदा फाटला असता तर दोन्हीकडून काटा पडला असता. मग दांड्याच्या बाजूने ओढली. काटा सरसर खाली. पडदा चांगला आणि ही बाजू गळते, तर दांडा बाहेर येतो तिथलं सील गेलं. मला हा हिशोब इतका आवडला की मी तो उगाच दोनदा करून पाहिला.

मुलाने सुचवलेला विजेच्या मोटरचा संच मिळतो, आणि तो वाईटही नाही. पण सगळी व्यवस्था काढून टाकायची, आणि बिघाड एका रबराच्या कड्यात. कुकरची रिंग गेली म्हणून आपण कुकर फेकतो का?

सील टपालाने आलं. डबा काढताना आणि लावताना बोल्ट मी फिरवले. पाना हे उजव्या हातात धरून बसले होते आणि लागेल तसा देत होते. दोनदा खाली पडला, दोघंही काही बोललो नाही. सकाळपासून दुपारपर्यंत काम चाललं. सूर्यास्तापूर्वी जेवायचं म्हणून मीच घाई केली, नाहीतर हे उठायला तयार नव्हते.

रविवारी मंदिराबाहेर मी खटका ओढला. दोन्ही दिवे वर आले. हे मान वाकवून समोर बघत राहिले, आणि म्हणाले, "आता डावा मागे पडतोय. पुढच्या शनिवारी त्याचंही सील बघू."