बालाघाटचा घाट आणि हार्ड टायर

माझं गाव कुठलं म्हणून कुणी विचारलं की मला आजही आधी गोंदिया सांगावं लागतं. गोंदियाहून उत्तरेला साधारण ४० किलोमीटर गेलं की बालाघाट. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर हीच आमची राजधानी होती. मग विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. तेव्हापासून घरात मराठी, बाजारात हिंदी आणि आजूबाजूच्या खेड्यांत पोवारी. भंडाऱ्याची म्हणून तुम्ही ओळखता ती वैनगंगा आधी आमच्या गावावरून जाते, हा आमचा कायमचा तोरा.

यंदा ऑगस्टमध्ये दहा दिवस घरी होतो. दिवसा लॅपटॉपवर ऑफिस, रात्री पुतण्याबरोबर रेसिंग. पोरगा अकरावीत आहे. अभ्यासाच्या टेबलाला त्यानं स्टिअरिंग आवळलंय आणि पेडल मागे सरकू नयेत म्हणून भिंतीशी पाटा अडकवलाय. (पाटा वरवंट्याशिवाय का पडलाय, हे आईला अजून कळलेलं नाही.) मीही बेंगळुरूला जेवणं झाली की तासभर सिम्युलेटरवर असतोच, त्यामुळे घरात माझं मत विचारलं जाणारा हा एकमेव विषय.

रविवारी त्याची मित्रांबरोबर शर्यत होती. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, २० लॅप. ‘असेटो कोर्सा’ या खेळात चाहत्यांनी बनवलेला हा ट्रॅक घालता येतो. प्रश्न एकच: सॉफ्ट टायर लावायचे की हार्ड?

“काका, हार्डच लावू ना. बदलायचं टेन्शनच नाही.”

आम्ही दोन्हींवर दहा-दहा लॅप मारून आकडे काढले. सॉफ्टवर पहिली लॅप ०.९ सेकंदानं वेगवान. पुढे दर लॅपला हा फायदा ०.१ नं घटतो आणि दहाव्या लॅपला शून्यावर येतो. बेरीज ४.५ सेकंद. २० लॅपसाठी दोन सेट, म्हणजे ९ सेकंदांचा फायदा. पण मध्ये पिटमध्ये जाऊन टायर बदलायला लागतात २४ सेकंद. म्हणजे हार्डवर न थांबता पळालं तर १५ सेकंदांनी आपण पुढे. पोराचं बरोबर होतं.

मग सरावाची पूर्ण शर्यत लावली. पहिल्याच लॅपला, चढ चढून येतं त्या तिसऱ्या वळणावर, गाडी गर्रकन फिरली. दुसऱ्या लॅपला परत. दोन गिरक्यांत कागदावरचे १५ सेकंद संपले.

हार्ड म्हणजे मजबूत, असं आपल्याला वाटतं. तो टिकतो हे खरं. पण रबर रस्त्याला धरतं ते गरम होऊन, थोडं मऊ पडून, डांबराच्या बारीक खाचाखोचांत बसून. सॉफ्ट पटकन तापतो आणि पटकन झिजतो. हार्डला तापायला वेळ लागतो, आणि तोवर तो काचेवर ठेवलेल्या पाटीसारखा सरकतो. पहिल्या दोन लॅपांत ब्रेक लवकर आणि हलका दाबायचा, एक्सलरेटरवर पाय जपून ठेवायचा, हे ज्याला जमतं त्याच्यासाठी हार्ड. आमच्या चिरंजिवांचा पाय म्हणजे दाबला की तळाला.

त्याला मी याच ट्रॅकवरची खरी गोष्ट सांगितली. २०१३ ची इंडियन ग्रां प्री, तारीख २७ ऑक्टोबर. त्या शर्यतीत टायर दोन जातींचे होते, सॉफ्ट आणि मीडियम, आणि दोन्ही वापरणं सक्तीचं. सॉफ्ट तिथे फार लवकर खराब होत होता. वेटेल पहिल्या जागेवरून सॉफ्टवर निघाला, आणि दुसऱ्याच लॅपला पिटमध्ये शिरून त्यानं तो काढून टाकला. आघाडी सोडून थेट मागच्या घोळक्यात. तिथून एकेकाला मागे टाकत तो जिंकला आणि सलग चौथं विश्वविजेतेपद घेऊन गेला. त्याच दिवशी ग्रोजाँ १७ व्या जागेवरून निघून, एकदाच थांबून, तिसरा आला. दोघांचे बेत अगदी निराळे.

पुतण्या म्हणाला, “म्हणजे उत्तर काय?”

“म्हणजे तुझा पाय बघून ठरव.”

शनिवारी बाबांच्या गाडीतून सगळे गांगुलपाऱ्याचा धबधबा बघायला निघालो. बैहरच्या रस्त्याला लागलं की शहर संपतं, जंगल सुरू होतं आणि मग घाटाची वळणं. पाऊस बारीक पण सतत. गाडी बाबाच चालवत होते. मला देत नाहीत. वेग चाळीसच्या आत. एका वळणावर रस्त्यात गुरं बसलेली. बाबांनी ब्रेक दाबला आणि गाडी थांबायच्या ऐवजी तशीच, सरळ, दरीच्या बाजूला घसरत गेली. दोन सेकंद असेल. कठड्याच्या अलीकडे थांबली. आईनं डोळे मिटले होते. कुणी काही बोललं नाही. मागून पुतण्या हळूच म्हणाला, “काका, हे तर तिसरं वळण.”

मी पावसात उतरून टायर पाहिले. बटनं भरपूर, गोटा तर मुळीच नाही. पण नख दाबलं तर रुतेना, आणि कडेला बारीक भेगा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. इथे होतं २३१५. म्हणजे २०१५ च्या जूनमधला टायर. बाबांची गाडी वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटरच्या वर फिरत नाही, म्हणून ते झिजलेच नाहीत. नुसते उभ्या उभ्या ऊन आणि हवा खाऊन वाळत गेले. हा असा हार्ड, की जो कितीही पळवला तरी मऊ होणार नाही.

बेंगळुरूला माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात चारही टायरचं तापमान सतत दिसत असतं. दोन अंश इकडचे तिकडे झाले तरी मी हवेचा दाब बदलतो. आणि ज्या गाडीतून माझे आईवडील पावसाळ्यात गोंदियाला डॉक्टरकडे जातात, तिच्या टायरवरची तारीख मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचली. दर दिवाळीला त्याच गाडीतून स्टेशनवरून घरी येत होतो.

परत येताना गाडी मी चालवली. बाबांनी किल्ली न मागता दिली, ते मला जास्त लागलं.

सोमवारी टायरच्या दुकानात गेलो. बाबांचा विरोध सौम्य झाला होता, संपला नव्हता. “अरे, बटन तर जशीच्या तशी आहेत. रिमोल्ड करून वर्षभर चालले असते.” दुकानदारानं जुना टायर अंगठ्यानं दाबून दाखवला, मग नवा दाबायला दिला. बाबांनी दोन्ही दाबले. पुन्हा एकदा जुना दाबला.

पुतण्यानं रविवारी सॉफ्ट लावले होते, दोन सेट, एक थांबा. आठ जणांत चौथा आला, आणि एकदाही फिरला नाही. ते आजोबांना तो तिथेच समजावून सांगत होता. बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि दुकानदाराला म्हणाले, “जुन्यातला एक स्टेपनीला राहू दे.”

आम्ही दोघं एकदम म्हणालो, “नाही.”