आवाज येतोय कुठून?

आमच्या खान्देशात गाडीला आवाज आला की तिच्याभोवती निदान चार डॉक्टर जमतात. एक म्हणतो बेअरिंग गेलं, दुसरा म्हणतो जॉइंटचा क्रॉस गेला, तिसरा बॉनेट न उघडताच म्हणतो, "भाऊ, विकी टाक." चौथा नुसता टायरला लाथ मारून बघतो. हा चौथा मला नेहमी सगळ्यात प्रामाणिक वाटत आला आहे.

तर आमचा भाचा. रावेरकडे केळी लावतो. मध्ये दोन वर्षं बरा भाव मिळाला आणि या गृहस्थाने २००८ सालची एक जर्मन बनावटीची गाडी उचलली. सहा सिलिंडर, पेट्रोल, ताकद मागच्या चाकांना. पंधरा वर्षं उलटलेली, म्हणजे फिटनेस आणि पर्यावरण कर भरून नोंदणी पुन्हा करून घेतलेली. पळायला वारा. पण अॅक्सिलरेटर सोडून परत दाबला की मागच्या सीटखालून ‘धडक्’! आणि ऐंशीच्या पुढे एकसुरी घूंऽऽ. ताईने दोन महिने सहन केलं, मग ती एसटीने जायला लागली. (ताई, तू हे वाचणार हे माहीत आहे. खोटं लिहिलेलं नाही.)

एका मोठ्या शहरातल्या वर्कशॉपने गाडी फिरवून सांगितलं, डिफरन्शियल अख्खं बदला, दोन लाख. आता हे दोन लाख म्हणजे पुढच्या बागेच्या ठिबकचे पैसे. गाडी ठेवायची तर ठिबक जुनीच आणि ठिबक घ्यायची तर गाडी मातीमोल विकायची. पोराचा चेहरा बघवत नव्हता.

इथे थोडं यंत्राबद्दल सांगायला हवं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जायचं असतं, आतल्याला कमी. दोघांना आपापल्या वेगाने फिरू देऊन ताकद वाटून देणारी पेटी म्हणजे डिफरन्शियल. पेकर नावाच्या फ्रेंच माणसाने १८२७ साली तिचं पेटंट घेतलं, तेही वाफेच्या गाडीसाठी. काळी-पिवळी जीपला ही पेटी मागच्या आडव्या एक्सलच्या पोटातच असते. एक्सल पट्ट्यांवर, पट्टे चासीवर. भाच्याच्या गाडीत मागची चाकं एकमेकांपासून सुटी, त्यामुळे पेटी गाडीच्या अंगालाच टांगलेली. लोखंडाला लोखंड थेट आवळलं तर दात्यांचा प्रत्येक सूर आत येणार, म्हणून मध्ये जाड रबरी बुश.

या बुशांवर किती भार येतो याचा ढोबळ हिशेब बघा. इंजिनाचा पीळ समजा २५० न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरने चौपट, डिफरन्शियलने आणखी तिप्पट, म्हणजे चाकांशी ३०००. चाकं पुढे रेटली जातात तेव्हा तेवढ्याच जोराने पेटी उलट्या दिशेने पिळली जाते, तिचं नाक वर उचलतं. पाय काढला की नाक खाली. सिग्नलगणिक, गतिरोधकागणिक हेच. त्यात आपला पंचेचाळीस अंशांचा मे महिना आणि तरसोद-फागणे चौपदरीकरण रखडलं त्या वर्षांतला जळगाव-धुळे रस्ता. रबराने तरी किती सोसायचं?

धुळ्याला एक नाना आहेत. उभी हयात काळी-पिवळ्यांखाली घालवलेले. एमएच १९ पाटीची ही गाडी बघून आधी जळगाववर एक टोमणा झाला, तो सोडून देऊ. नाना पुढे बसलेच नाहीत. मागच्या सीटवर कान टेकवून आडवे झाले आणि म्हणाले, लळिंगच्या घाटात चल.

चढावर दाबून, उतारावर पाय काढून ऐकलं. दात्यांची झीज असेल तर अशा वेळी सूर बदलतो, कारण दात्याची एक बाजू सुटून दुसरी लागते. आमचा घूं दोन्हीकडे तसाच. मग सपाट, रिकाम्या रस्त्यावर गाडी हलकेच डावी-उजवीकडे झुलवली. चाकाचं बेअरिंग असेल तर भार सरकताच आवाज कमी-जास्त होतो. तसंही काही कळलं नाही. डांबरावरून काँक्रीटवर आलो तरी फरक नाही, म्हणजे टायरही बाद.

गॅरेजमध्ये चाकांना लाकडी ठोकळे लावले, भाच्याला ब्रेक दाबून धरायला सांगितला आणि गाडीखाली माणसाऐवजी मोबाइल ठेवला, व्हिडिओ चालू करून. ऑटोमॅटिक गाडी. पुढचा गिअर, मागचा गिअर, पुन्हा पुढचा. चित्रण बघितलं तर पेटीचं नाक बोटभर वर-खाली! मग इंजिन बंद करून नाना टॉमी घेऊन खाली गेले. पुढच्या बुशाचं रबर आतल्या लोखंडी नळीपासून सुटलेलं, नळी थेट फ्रेमला टेकलेली. धडक् तिथली. आणि घूं? तो दात्यांचा नेहमीचा, निरोगी सूर, रबर गेल्यामुळे लोखंडातून थेट आत पोचणारा.

"हाऊ आवाज दातेसना नही, रबरना शे," नाना म्हणाले. तरी पेटीतलं तेल काढून पाहिलंच. चुंबकावर करडी बारीक भुकटी, चकत्या-तुकडे नाहीत. पेटी ठणठणीत.

पुढे वाद झाला तो बुश कोणते यावर. भाच्याला पॉलियुरेथेनचे हवे होते, शर्यतीच्या गाड्यांना घालतात तसे. कडक असतात, टिकतात, पेटी हलू देत नाहीत. पण जे हलत नाही ते आवाजही गिळत नाही. शर्यतीत हेल्मेट घातलेल्या माणसाला त्याचं काही नसतं, भाच्याच्या मागच्या सीटवर मात्र ताई बसणार होती. माझं मत रबराच्या बाजूने पडलं आणि नानांनीही तेच सांगितल्यावर विषय संपला.

बुश मुंबईहून चार दिवसांत आले. जुने काढताना नानांनी बाहेरच्या कड्यावर आणि फ्रेमवर रंगाची खूण केली, कारण रबरातली पोकळी कुठल्या दिशेला आहे यावर त्याचा मऊपणा ठरतो. फिरवून बसवलं तर सगळं मुसळ केरात. गिअरबॉक्सकडचं रबरी कपलिंगही तडकलेलं निघालं, तेही बदललं. तेल, मजुरी धरून अठरा हजार.

ठिबकच्या नळ्या मागच्या आठवड्यात शेतात पडल्या. ताई गाडीत बसते. मात्र आता शांत झालेल्या गाडीत मागच्या डाव्या चाकाशी बारीकशी गुणगुण ऐकू येतेय, उजवीकडे वळताना वाढते. तिथलं बेअरिंग केळीची काढणी झाल्यावर.