शी!

मनुष्याच्या मुखातून निघणाऱ्या उद्गारांत ‘शी!’ या एकाक्षराइतका अधिकार अन्य कोणाला क्वचितच लाभला असेल; कारण ‘अहाहा’ ऐकून शेजारी फार तर मान डोलावतो, ‘अरेरे’ ऐकून क्षणभर थबकतो, परंतु ‘शी’ उच्चारले गेले, की समोरच्याची कैफियत न ऐकताच निकाल लागलेला असतो, आणि त्या निकालावर अपील चालत नाही.

सातपुड्याच्या पायथ्याकडून पूर्णेच्या दिशेने उतरत जाणाऱ्या आमच्या तेल्हारा तालुक्याच्या खारपाणपट्ट्यात बाहेरगावचा पाहुणा विहिरीच्या पाण्याचा पहिला घोट घेऊन तोंड वाकडे करतो, तेव्हा त्याला बोल लावता येत नाही. जिभेने आपली राखणदारी बजावलेली असते. चार्ल्स डार्विननेही १८७२ सालच्या आपल्या भावाभिव्यक्तीवरील ग्रंथात जुगुप्सेचे मूळ रसनेतच शोधले. मात्र त्याच ठिकाणी त्याने एक प्रांजळ आठवण नोंदवली आहे : दक्षिण अमेरिकेच्या टोकावरील एका आदिवासीने त्याच्या थंड, टिकवलेल्या मांसाला बोट लावून त्याच्या मऊपणाची किळस दाखवली, आणि डार्विनला त्या बोटाचीच किळस आली, जरी त्या माणसाचे हात मळलेले दिसत नव्हते.

रसनेचा हुकूम अन्नावरून माणसावर बजावला जातो तो असा. पण हा हुकूम सारा उपजतच असतो असे नाही : रांगणारे मूल मातीचे ढेकूळ नि मेलेला किडा सारख्याच समाधानाने तोंडात घालते, “शी हाय ते, टाक!” असे ओरडून आजी त्याला पहिला विवेक शिकवते, आणि तीच आजी भल्या पहाटे गाईचे ताजे शेण दोन्ही हातांनी कालवून अंगण सारवते. अर्थात काय ओंगळ मानावे याचा बराचसा पाठ घरातच मिळतो. आणि त्याच पाठात, एक शब्दही अधिक न बोलता, कोणाच्या हातचे पाणी प्यायचे नाही हेही पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले.

जवळच्याच शेगावी १८७८ साली उष्ट्या पत्रावळीवरची शिते वेचून खाणारा एक पुरुष दिसला. त्याला पाहणाऱ्या बंकटलाल नावाच्या गावकऱ्याने नाक मुरडले नाही, म्हणून गजानन महाराज लोकांना कळले, असे महाराजांच्या चरित्राची पोथी सांगते. त्या पोथीची भक्तिभावाने पारायणे करणारे आम्ही लग्नमंडपामागे पत्रावळी चिवडणाऱ्याला पाहून मात्र ‘शी’ म्हणण्यास क्षणाचाही विलंब लावीत नाही.

तथापि हा उद्गार हद्दपार करावा, असे माझे म्हणणे नाही. शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा ज्या गावी जात तेथे आधी खराटा चालवीत आणि रात्री कीर्तन करीत. त्यांना घाणीची शिसारी नव्हती असे समजणे हा त्यांच्यावर अन्याय होय, कारण ज्याला घाण ही घाणच वाटत नाही तो खराटा कशाला उचलील? डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली अमरावतीजवळ कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभे केले, तेव्हा जखमेची दुर्गंधी त्यांच्या नाकाला चुकली नसणार. त्यांनी फक्त जखम आणि जखमी यांचे खटले वेगळे चालवले. ‘शी’ म्हणून मागे सरणारा आणि ‘शी’ म्हणून पुढे होणारा, या दोघांचे घ्राणेंद्रिय एकच काम करीत असते. माणसाची परीक्षा होते ती त्यानंतर पाऊल कोणत्या दिशेला पडते यावर.