कृष्णमेघ

उन्हाळ्यात अंगणात खाट टाकून पडलेल्या मुलाला एखादी चांदणी आपल्याकडेच पाहत आहे असे वाटते. तेथे कोणी राहत असेल काय, असा प्रश्न मग त्याच्या मनात उभा राहतो. आणि जे कोणी राहत असतील त्यांना तो ताबडतोब दोन हात, दोन पाय व दोन डोळे देऊन टाकतो. फार झाले तर डोळे चार करतो. मोठी माणसेही याहून फारसे निराळे करीत नाहीत. परंतु ज्याला हातपाय नाहीत, जो श्वास घेत नाही, जो समोर असूनही 'हा जीव आहे' असे कोणाच्या ध्यानात येत नाही, त्याची कल्पना करणे खरोखरच कठीण.

फ्रेड हॉयल या इंग्रज ज्योतिर्विदाने ते धाडस केले. ताऱ्यांच्या अंतरंगाचा अभ्यास करणाऱ्या या शास्त्रज्ञाने १९५७ साली 'द ब्लॅक क्लाउड', म्हणजे 'काळा मेघ', ही कादंबरी लिहिली. अमेरिकेतील पालोमार पर्वतावरील वेधशाळेत एक तरुण आकाशाच्या एकाच भागाची, निरनिराळ्या वेळी घेतलेली दोन छायाचित्रे ताडून पाहत असतो. पहिल्या चित्रातील काही तारे दुसऱ्यात दिसत नाहीत. तारे विझलेले नसतात. त्यांच्या आड काहीतरी आलेले असते. तो काळा डाग कोणत्याच बाजूला सरकत नाही, नुसता मोठा होत जातो. रुळांवर उभे राहून आगगाडी पाहणाऱ्यास ती जशी जागच्या जागी मोठी होताना दिसावी, तसेच हे. डाग मोठा होतो, याचा अर्थ तो सरळ आपल्या दिशेने येत आहे!

वायू आणि धूळ यांचा तो प्रचंड मेघ येतो आणि सूर्याभोवती थांबतो. पृथ्वीवर अंधार पसरतो, पाणी गोठते, असंख्य माणसे व प्राणी प्राणास मुकतात. मेघ आला तसा पुढे निघून जावयास हवा होता; तो थांबला कसा, हे गणित कोणालाच सुटत नाही. इंग्लंडमधील एका जुन्या वाड्यात काही शास्त्रज्ञ त्याचा अभ्यास करीत बसलेले असतात. त्यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळते. त्यांनी रेडिओवरून संदेश पाठवावयास सुरुवात केली, की वातावरणाच्या वरच्या थरात असा काही बदल होतो की संदेश पोहोचतच नाही. संदेश थांबविला की थर पूर्ववत होतो. लहरींची लांबी बदलून पाहावी, तर थोड्याच वेळात तोच प्रकार. धुळीचा निर्जीव ढग असे उत्तर देईल काय? क्रिस किंग्स्ली हा त्यांतील एक शास्त्रज्ञ अखेर सांगून टाकतो : मेघ जिवंत आहे, आणि तो विचार करतो. बाकीचे प्रथम हे मानावयास तयार होत नाहीत. त्यांत नवल कसले? कित्येक महिने ते ज्या प्राण्याचे वजनमाप करीत होते, तो प्राणी आहे हेच त्यांना दिसले नव्हते.

पुढे ते मेघाशी बोलू लागतात, आणि आश्चर्य वाटण्याची पाळी मेघावर येते. घट्ट, कठीण ग्रहाच्या पाठीवर बुद्धिमान जीव असू शकतील, अशी त्याची कल्पनाच नव्हती. ग्रहाच्या गुरुत्वाकर्षणामुळे प्राण्याला फार मोठे होता येत नाही. मग त्याचा मेंदू तरी केवढा असणार? मेघाने माणसांचा जो संहार केला, तो वैराने नव्हे. माणसे त्याला दिसलीच नव्हती. पायाखाली मुंग्यांचे वारूळ आले, तर चालणारा जितका दोषी, तितकाच तो. कादंबरीत पुढे क्षेपणास्त्रेही सुटतात आणि किंग्स्लीचा मृत्यूही ओढवतो. पण वाचकाच्या मनात घर करून राहते ते मेघाचे आश्चर्यच.

ज्या वर्षी ही कादंबरी प्रसिद्ध झाली, त्याच वर्षी कोल्हापुरात जन्मलेला एक तरुण केंब्रिजला शिकावयास गेला व पुढे हॉयल यांचा शिष्य झाला. ते जयंत नारळीकर. गुरूप्रमाणे त्यांनीही विज्ञानकथा लिहिल्या, आणि त्या मराठीत लिहिल्या.

सूक्ष्म जीव अंतराळातून पृथ्वीवर येत असावेत, असे हॉयल यांचे मत होते. बहुतेक शास्त्रज्ञांना ते पटले नाही. परंतु मत पटो वा न पटो, शोधून पाहावयास हरकत कोणती? २००५ साली हैदराबादहून एक अजस्र फुगा आकाशात सोडण्यात आला. या प्रयोगाचे नेतृत्व नारळीकरांकडे होते. फुग्याबरोबर पोलादाच्या सोळा निर्जंतुक नळ्या होत्या. वीस ते एकेचाळीस किलोमीटर उंचीवरची विरळ हवा त्या नळ्यांत भरून खाली आणली गेली आणि हैदराबाद व पुणे येथील प्रयोगशाळांत तपासली गेली. जेथे सूर्याचे अतिनील किरण जिवाला जगू देऊ नयेत, त्या उंचीवरच्या हवेत जीव निघाले! त्यांत जिवाणूंच्या तीन जाती तर पूर्वी कोणासही ठाऊक नसलेल्या होत्या. २००९ साली त्यांची वार्ता जाहीर झाली. एकीला आर्यभटाचे नाव मिळाले, दुसरीला भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे. तिसरीचे नाव 'जानिबॅक्टर हॉयली'. ज्याने सूर्याला झाकणाऱ्या जिवाची कल्पना केली, त्याचे नाव सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणाऱ्या जिवाला लाभले.

हे जीव अंतराळातून उतरले, असे या प्रयोगाने सिद्ध झाले नाही, आणि शास्त्रज्ञांनीही ते स्पष्टपणे सांगितले. ते पृथ्वीवरूनच वर गेले असतील. काळ्या मेघाला निदान प्रश्न विचारता येत होता. वरून आलास की खालून गेलास, हे जिवाणूला विचारण्याची सोय नाही.