खांद्यावरची सायकल

बेळगावात कॉलेजला असताना आम्ही तिघे मित्र एकदा भर पावसाळ्यात सायकली घेऊन येळ्ळूरच्या राजहंसगडावर निघालो होतो. वाटेतल्या चिकट चिखलानं मडगार्ड आणि चाक यांच्यामधली फट अशी लिंपली गेली की चाक फिरेचना. शेवटी सायकली खांद्यावर घेऊन चढलो. या उद्योगाची रीतसर शर्यत भरते आणि लोक पैसे भरून तीत उतरतात, हे मला तीस वर्षांनी, लीड्सला राहायला आल्यावर कळलं.

त्या खेळाचं नाव सायक्लोक्रॉस. हँडल रस्त्यावरच्या रेसिंग सायकलीसारखं खाली वळलेलं, टायर मात्र जरा जाड आणि खाचांचे. एरवी गवत, वाळू आणि चिखलाच्या छोट्या मार्गावर तासाभराच्या फेऱ्या मारायच्या. अडथळा आला की उतरायचं, सायकल उचलायची, पळायचं, पुन्हा बसायचं. पण यॉर्कशरमधली ‘थ्री पीक्स’ म्हणजे या घराण्यातलं वांड पोर. १९६१ साली सुरू झाली. अंतर ६१ किलोमीटर, चढ एकूण सुमारे १५०० मीटर, आणि इंगलबरो, व्हर्नसाइड, पेनीगेंट हे तीन डोंगर. माउंटन बाइकला बंदी! का, तर परंपरा. इंग्रजांना कारण तेवढं पुरतं.

डोंगर म्हणजे उंची सातशे मीटरच्या आगेमागे. आपल्या सह्याद्रीवाल्याला हसू येईल. मलाही आलं होतं. पण वर झाड नाही, आडोसा नाही. खाली चुनखडीचा दगड आणि त्यावर पीट, म्हणजे हजारो वर्षं अर्धवट कुजून साठलेल्या वनस्पतींची काळी, पाणी धरून बसलेली माती. वरून घट्ट दिसते आणि पुढचं चाक एकदम आत घेते. धुकं कधी उतरेल याचा नेम नाही, म्हणून शिट्टी आणि अंगावर ओढायची मोठी पिशवी जवळ नसेल तर सुरुवातीलाच परत पाठवतात. सरावाचीही सोय नाही. इंग्लंडात पायवाटेवर सायकल चालवण्याचा हक्क नसतो, आणि मार्गाचा काही भाग खासगी कुरणांतून जातो. मेंढपाळ शेतकरी तो शर्यतीपुरता मोकळा करतात. २००१ साली जनावरांत लाळ्या-खुरकताची साथ आली, तेव्हा शर्यतच झाली नाही.

आदल्या वर्षी मला रिबलहेडला थांबवलं होतं. प्रत्येक टप्प्याला वेळेची मर्यादा असते. मी चार मिनिटं उशिरा पोहोचलो. चोवीस कमानींच्या त्या प्रचंड रेल्वे पुलाखाली नंबर काढून देताना डोळ्यांत पाणी आलं, ते पावसावर खपवलं. चोपन्नाव्या वर्षी पुन्हा नाव घातलं तेव्हा सौ. एवढंच म्हणाली, "गुडघे तुझे, पण जिना मला चढवावा लागतो तुला."

हेलविथ ब्रिजहून सुटलो. काही मैल डांबरी रस्ता, मग सायमन फेल. हा चढ चालवण्यासारखा नाहीच. इतका उभा की पुढच्याच्या टाचा आपल्या नाकासमोर. सायकल उजव्या खांद्यावर, डाव्या हातानं गवत किंवा तारेचं कुंपण धरायचं. कोणी बोलत नाही, फक्त शेकडो माणसांचा श्वास ऐकू येतो. इथे सायकलपटूंपेक्षा डोंगरावर पळणारे भारी पडतात. रॉब जेब हा मुळातला डोंगरधावक ही शर्यत अनेकदा जिंकला, ते उगीच नव्हे. तो तीनेक तासांत संपवायचा. तेवढ्या वेळात मी दुसऱ्या डोंगरावर होतो.

व्हर्नसाइडच्या उतारावर फरशा टाकल्यात, ओल्या शेवाळलेल्या. तिथे मागचं चाक दगडाच्या धारेवर आपटलं आणि ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडली. बोटं गारठलेली, टायर निघेना. मर्यादेची वेळ डोक्यात टिकटिकत होती. मागून आलेली एक बाई, माझ्याहून वयानं मोठीच असेल, उतरली, अंगठ्यानं टायर रिमवरून काढून दिला आणि "चल आता, बाळा" अशा अर्थाचं काही यॉर्कशरी बोलून निघून गेली. तिचीही वेळ जात होतीच की.

रिबलहेडला पोहोचलो तेव्हा घड्याळ बघायची हिंमत झाली नाही. स्वयंसेवकानं हात पुढे केला. मला वाटलं, थांबवतोय. तो केळं देत होता.

पेनीगेंटला जायची-यायची वाट एकच. मी वर ढकलत असताना सुसाट उतरणारे लोक ओरडून धीर देत होते. त्यांत ती बाईही दिसली. मी हात केला, आणि तेवढ्यात तोल जाऊन गटारात बसलो.

शेवटून मोजायला सोपं पडेल असा माझा क्रमांक आला. हेलविथ ब्रिजला सौ. छत्री घेऊन उभी होती. तिनं आधी माझे गुडघे पाहिले, मग डब्यातला बेळगावी कुंदा हातावर ठेवला. गाडीत मात्र सीटवर जुनी वर्तमानपत्रं अंथरल्याशिवाय बसू दिलं नाही. लीड्स कधी आलं, मला कळलं नाही.